राजाचा झगा आणि सावकाराच्या पिसवा

२ तारीख, सोमवार

ही डायरी दोऱ्याच्या व्यापाऱ्याने फुकट दिली. वर्ष अर्धं संपलं तरी ती कोरीच पडून आहे, आणि कोरी वही टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून लिहायला घेतो आहे.

आज लिहिण्यासारखं एवढंच की सकाळी घोट्यापाशी खाज सुटली. पाहतो तर लाल पुळ्यांची रांगच. मी म्हटलं, डास. बायको म्हणाली, "डास घोट्यालाच बरे चावतात! त्यांना वर उडता येत नाही का?" मग चष्मा लावून वाकली, बघितलं आणि म्हणाली, "पिसवा आहेत या. तुमच्या सावकाराच्या."

सावकार म्हणजे आमचा बोका. नाव त्याच्या वागण्यावरून पडलं. वसुलीला वेळेवर येतो, देत काही नाही आणि एकदा दारात बसला की हलत नाही. तो 'माझा' आहे हा बायकोचा गैरसमज आहे. एक दिवस तो आपणहून दुकानात शिरला आणि मी त्याला बाहेर काढलं नाही, इतकाच माझा संबंध. जेवताना माझ्या ताटातलं थोडंफार त्याला जातं, पण ते शेजारधर्म म्हणून.

दुकान म्हणजे ड्रेपरी. नाटकांना आणि शाळांच्या कार्यक्रमांना मी भाड्याने पोशाख देतो. खाली दुकान, वर आम्ही दोघं. राजे, प्रधान, शिपाई, न्यायाधीश, पऱ्या आणि भुतं माझ्याकडे एका छताखाली गुण्यागोविंदाने नांदतात. अशा जागी पिसवा झाल्याचं बाहेर कळलं तर धंद्याचे बारा वाजतील. तेव्हा ते डासच आहेत.

३ तारीख, मंगळवार

बायकोने गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवले आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखी दुकानातून एक चक्कर मारून आली. मोज्यांवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके होते. नीट बघायला मी वाकलो, तर मिरपुडीने उडी मारली.

"डास," मी म्हटलं.

"हो, आणि मी राणी," बायको म्हणाली.

या पिसवा आल्या कुठून हे मात्र मी तासाभरात शोधून काढलं. गेल्या आठवड्यात हौशी नाटक मंडळाकडून शिपायांचे कोट परत आले होते. लगेच त्यांच्या सेक्रेटरीला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, तुमचे कोट अंगात घालेपर्यंत आमचे शिपाई खाजवत नव्हते!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मी आणखी सुनावणार होतो, पण चौदा तारखेच्या प्रयोगासाठी त्याने राजाचा झगा सांगून ठेवला आहे. म्हणून जीभ आवरली.

हा झगा आमच्या दुकानाची शान आहे. माझ्या वडिलांनी स्वतः शिवलेला. तपकिरी मखमल, सोनेरी गोट, पांढरी केसाळ कड. त्यांनी दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा एकच सांगितलं होतं, "राजाला पाणी लावायचं नाही." ऊन दाखवायचं, झटकायचं, घडी घालायची. आमच्या धंद्यात मखमल कुणी धूत नाही. मीही आजतागायत त्याला पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. त्यामुळे झग्यात पिसू असण्याचा प्रश्नच येत नाही. इतकी वर्षं पाणी नसलेल्या जागी ती बिचारी जगेल कशावर?

५ तारीख, गुरुवार

सावकाराला अंघोळ घातली. खरं म्हणजे आम्हा दोघांना अंघोळ झाली आणि त्यातला एकच ओरडत होता. तो मी. दोन्ही हातांवर नकाशे उमटले आहेत.

शेवटी साबणासकट निसटून तो खाली दुकानात पळाला आणि राजाच्या झग्याच्या खणात जाऊन अंग चाटत बसला. त्या खणात त्याला बरं वाटतं. पूर्वी तिथे डांबराच्या गोळ्या असायच्या, पण त्या वासाने तो शिंकायला लागला म्हणून मीच त्या काढून टाकल्या. झग्याच्या घडीवर त्याच्या मापाचा खळगा पडला आहे. त्याला तिथून उठवायचं जिवावर आलं. भिजलेला जीव, कुठे जाणार?

संध्याकाळी औषधांच्या दुकानातून पिसवांच्या औषधाची एक नळी आणली. वर कुत्र्याचं चित्र होतं. पण पिसू ती पिसू, तिला काय कळतं कुत्रा की मांजर!

७ तारीख, शनिवार

नळी लावण्याआधी डॉक्टरांना विचारा असा बायकोने हट्ट धरला, म्हणून सावकाराला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण दरारा मोठा. मी ऐटीत नळी टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि सरळ आपल्या खणात टाकून खण लावून घेतला.

"लावलं का हे याला?"

"अजून नाही."

"नशीब. हे कुत्र्यांचं औषध आहे. हे मांजराला लावलं तर मांजर झटके येऊन मरू शकतं."

मी तिथल्या बाकावर बसलो. सावकार पिशवीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना. आधी लाव, मग विचार, अशी माझी नेहमीची पद्धत आहे. बायको आडवी आली नसती तर? हा विचार मला नको आहे, पण तो सारखा येतो आहे.

मग बाईंनी बारीक दातांची फणी सावकाराच्या पाठीवरून फिरवली. फणीतली काळी भुकटी ओल्या कागदावर झटकली, तर कागदावर तांबडे डाग पसरले. ती पिसवांची घाण, म्हणजे सावकाराचंच रक्त. मानेच्या मागे, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, मांजराचं औषध लावलं. म्हणाल्या, "अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचा संसार घरात असतो. अंडी, अळ्या, कोष, सगळं कापडात आणि फटीत. रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, आतला कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका, आणि हा जिथे झोपतो ते सगळं गरम पाण्यात धुऊन काढा. कोषातल्या पिसवा पुढे कित्येक दिवस निघत राहतात, तेव्हा धीर सोडू नका. झोपतो कुठे हा?"

"तसं ठरलेलं नाही," मी म्हटलं. झग्याचा उल्लेख केला नाही, कारण तिथे तो झोपत नाही, बसतो. डोळे मिटून.

८ तारीख, रविवार

आज जेवताना बायको शांतपणे म्हणाली, "मी दादाशी बोलले."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. गावाबाहेर त्याचं धान्याचं गोदाम आहे.

"त्याच्याकडे उंदरांनी उच्छाद मांडलाय. एकोणतीसच्या रविवारी टोपली घेऊन येतोय तो. तोवर घरात एकही पिसू उरली नाही, तर सावकार इथे राहील. नाहीतर जाईल गोदामात."

मी म्हटलं, "जाऊ दे की. मला काय!" पुढचं जेवण गेलं नाही, कारण मुळात भूक नव्हती.

ते गोदाम मी पाहिलं आहे. पत्र्याचं आहे. खिडकी एकच, तीही छताजवळ. सावकाराला सकाळी दुकानाच्या काउंटरवर उन्हाच्या पट्ट्यात पसरायची सवय आहे. ऊन सरकेल तसा तो सरकतो आणि गिऱ्हाईक आलं की मी गिऱ्हाइकालाच सरकायला सांगतो. तिथे त्याला कोण सरकू देणार? त्याचं मला काही नाही, पण मुक्या प्राण्याला असं अंधारात टाकणं तत्त्वात बसत नाही.

११ तारीख, बुधवार

चार दिवस घरात धुणं एके धुणं चाललं आहे. चादरी, पडदे, उशा, पायपुसणी, शिपायांचे कोट, भुतांचे पांढरे डगले, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. एक परी पार विरघळली. बायको व्हॅक्यूम क्लीनर घेऊन फटीफटीतून फिरते. मी रोज फणी घेऊन सावकाराच्या मागे आणि सावकार माझ्या पुढे.

पिसवा चांगल्याच कमी झाल्या आहेत. फक्त खाली, कपाटांच्या बाजूला, अजून मोज्यावर चढतात. कारण कळत नाही.

बायकोने विचारलं, "सगळं धुतलं ना?"

"सगळं."

"म्हणजे अगदी सगळं?"

"म्हटलं ना, सगळं!"

ती म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." या म्हणीचा इथे काय संबंध ते मला समजलं नाही. दमली असेल.

१४ तारीख, शनिवार

सेक्रेटरी सकाळी झगा घेऊन गेला. सावकाराला खणातून उठवावं लागलं. फार नाराज झाला.

१५ तारीख, रविवार

कालच्या प्रयोगाबद्दल लिहावं की नाही, विचार करतो आहे. लिहितोच.

राजा स्वतः सेक्रेटरी होता. पहिल्या अंकात त्याने सिंहासनावर दोनदा मांडी चोळली. मला वाटलं, राज्याची चिंता. दुसऱ्या अंकात तो भर दरबारात खांबाला पाठ घासत बोलला. त्या अंकाच्या शेवटी राजा मरतो. नाटककाराने तिसरा अंकभर त्याचं प्रेत रंगमंचावर झग्यासकट झोपवून ठेवलं आहे आणि भोवती राणीचा विलाप.

आधी प्रेताचा अंगठा हलला. मग प्रेताचा डावा हात हळूच झग्याच्या आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. राणीने टाहो फोडला, "नाथ, एकदा तरी माझ्याकडे वळा हो!" आणि प्रेत कुशीवर वळून कंबर खाजवायला लागलं. प्रेक्षागृह कोसळलं. तरी ती बाई धीराची. तशातच तिने रीतसर राजाच्या छातीवर डोकं टेकून शोक केला, आणि दोन वाक्यांतच तीही मान खाजवायला लागली. पडदा पडला तेव्हा शिपाईसुद्धा खाजवत होते, पण ते बहुधा बघून बघून.

मी पहिल्या रांगेत होतो. शेजारी बायको होती. ती पदराने तोंड झाकून थरथरत होती. तिला रडू आलं असावं, कारण दृश्य करुण होतं.

१६ तारीख, सोमवार

सेक्रेटरी झगा काठीला अडकवून घेऊन आला आणि दारातूनच आत फेकला. "जिवंतपणी नाही, पण मेल्यावर खाल्लं मला या झग्याने!" म्हणाला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की पिसवा त्याच्या अंगावरच्याच असणार, आमचा राजा कोरडा ठणठणीत आहे. बायको पायऱ्यांवर उभी राहून ऐकत होती. एक अक्षर बोलली नाही. तिचं न बोलणं मला मुळीच आवडत नाही.

झगा घडी घालून खणात ठेवला. मागे वळतो तो सावकार त्यावर.

१७ तारीख, मंगळवार

आज राजाच्या खणात एक पांढरा मोजा सापडला. धुतलेला, स्वच्छ. तिथे कसा आला कोण जाणे. आता हातात आलाच आहे म्हणून सहज हातमोज्यासारखा चढवला आणि झग्याच्या बाहीत हात घातला.

बाहेर काढला तेव्हा मोजा काळा होता. आणि हलत होता.

मी कपाटासमोर फरशीवर बसून राहिलो. सावकार आला, माझ्या गुडघ्याला डोकं घासलं आणि झग्यावर चढायला लागला. मी पहिल्यांदाच त्याला तिथून खाली उतरवलं. त्याने असं काही पाहिलं माझ्याकडे, की मीच ओशाळलो.

१८ तारीख, बुधवार

बायकोला सांगितलं. वाटलं होतं, आश्चर्याने ओरडेल. ती म्हणाली, "अगं बाई, झग्यात? कुणाला वाटलं असतं!" आणि भाजी चिरत राहिली.

म्हटलं, "मखमल आहे. गरम पाण्यात घातली तर संपली."

"मग नका घालू."

"वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती मला."

"हो ना. मग राहू दे. रविवारी दादा येईलच टोपली घेऊन, पुढच्या. झगा राहील, सावकार जाईल. मार्ग निघाला की."

दिवसभर काही सुचलं नाही. झगा घेऊन गच्चीवर जाऊन बसलो. त्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. वडिलांचा टाका तिरका असायचा, डावखुरे होते ना. हा झगा माझ्या जन्माआधीचा, पण पुढच्या पोशाखांना मी त्यांना सुई ओवून द्यायचो. त्यांचं असं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही. बाकीचे पोशाख फाटले, विकले, विरले. आणि दुसऱ्या बाजूला एक आयतोबा बोका, जो मला ओरबाडतो आणि माझंच खातो.

मला उत्तर माहीत आहे. सकाळपासून माहीत आहे. म्हणूनच वाईट वाटतं आहे.

१९ तारीख, गुरुवार

राजाला पाणी लावलं.

बायकोने मोठा टब काढून दिला. बटणं उसवून ठेवली, केसाळ कड सोडवली, मग डोळे मिटले आणि झगा गरम पाण्यात सोडला. पाणी आधी काळं झालं, मग चहासारखं, मग पुन्हा काळं. किती वेळा बदललं ते आठवत नाही. शेवटच्या पाण्यात झगा वर आला तेव्हा मी ओळखला नाही.

तो तपकिरी नाहीच. लाल आहे. लालभडक. वडिलांनी लाल झगा शिवला होता आणि मी आयुष्यभर लोकांना तपकिरी राजा भाड्याने देत आलो.

टबाच्या काठावर बसून मी रडलो. झगा गेला म्हणून की झगा सापडला म्हणून, मला सांगता येत नाही. बायको आली तेव्हा सांगितलं, साबणाचं पाणी डोळ्यात गेलं. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "फार झोंबतो हा साबण."

२२ तारीख, रविवार

झगा वाळला. मखमलीची लव बसली आहे, बाह्या वीतभर आखडल्या आहेत. राजा आता मांडलिक वाटतो. सावकाराने एकदा हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेला.

रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो. खणाच्या फटीसुद्धा घासून काढल्या. काल मोज्यावर पाच होत्या. आज दोन.

२४ तारीख, मंगळवार

सेक्रेटरी काही कामाने रस्त्यावरून चालला होता. हँगरवरचा लाल झगा बघून थबकला. "नवा शिवलात?" म्हणाला. मी 'नाही' म्हटलं नाही. पुढच्या महिन्यातल्या प्रयोगासाठी त्याने तो सांगून ठेवला. वर म्हणाला, "त्या जुन्या तपकिरीला जाळून टाका, साहेब."

मोज्यावर काही नाही.

२७ तारीख, शुक्रवार

तीन दिवस मोजा कोरा निघाला. मी बाजारातून येताना शीळ घालत आलो. आणि आज संध्याकाळी, एक. एकच पिसू. लहान, पण पिसूच. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "कोषातून उशिरा निघालेली असेल, होतं असं, साफसफाई चालू ठेवा." त्यांचं बरोबर आहे, पण रविवार परवावर आला आहे आणि बायकोचा शब्द होता, एकही नाही.

पिसू मी साबणाच्या पाण्यात बुडवली. बायकोला अजून सांगितलेलं नाही. सावकार पाटावर बसून वसुलीची वाट बघत होता. आज त्याला माझ्या ताटातलं सगळंच दिलं.

२८ तारीख, शनिवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी बायकोला "जरा जाऊन येतो" म्हटलं आणि सरळ मेहुण्याचं गोदाम गाठलं. वाटेत भाषण तयार केलं होतं. एक महिना थांबा, मांजर म्हातारं आहे, उंदीर बघून पळतं वगैरे. ते गोण्यांवर बसून हिशेब करत होते. मला बघून उठले.

"या भावोजी! वाट चुकलात का?"

मी एका दमात सांगून टाकलं, "दादा, उद्या टोपली घेऊन येऊ नका. सावकाराला नेऊ नका. एकच पिसू उरली आहे. तुमच्या पाया पडतो."

त्यांचा चेहरा कोरा. "कुठली टोपली? कोण सावकार?"

"आमचा बोका हो! तुमच्या उंदरांसाठी."

"उंदीर?" ते उखडले. "माझ्या गोदामात उंदीर? कोण म्हणतं? आणि मांजर इथे? अहो, मांजराचा एक केस नाकात गेला तर मी..." एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या पँटीकडे गेलं. त्यावर सावकाराचे बरेच केस होते. मग ते जे शिंकायला लागले ते मला फाटकापर्यंत पोचवायलाही येऊ शकले नाहीत.

येताना सगळा उलगडा झाला. बायको त्यांच्याशी बोलायचं साफ विसरून गेली. तीन आठवडे झाले, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं असणार. उंदरांचंही तिला कुणीतरी चुकीचं सांगितलं असावं. आणि मी इथे जीव मुठीत धरून बसलो होतो! रस्त्यात मी एकटाच मोठ्याने हसलो. एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं.

घरी आलो तर बायको विचारते, "दादा बरा आहे ना?" मी कुठे गेलो होतो हे तिला कसं कळलं, देव जाणे. अंगावर गोण्यांची धूळ असेल. मी म्हटलं, बरे आहेत, थोडी सर्दी आहे. मग एका पिसवेची कबुली दिली.

तिने विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बरं. दादाला सांगते महिनाभर थांब म्हणून. तुमच्याकडे बघून, हं. पण त्या न्यायाधीशाच्या झग्याचं काय? आणि प्रधानाच्या?"

"त्यांना आजवर कधीच पाणी लागलेलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

बिचारी. भावाला सांगायचं विसरली हे कबूल करायला तिला जड जात असेल. एरवी मी सोडलं नसतं, पण सावकार माझ्या मांडीवर येऊन बसला होता, घुरघुरत होता, आणि तो आता कुठेही जाणार नव्हता. मला इतकं बरं वाटत होतं की कुणाला चूक दाखवावीशी वाटेना. माणसाने बायकोचं एखादं चुकलेलं पोटात घालावं.

म्हणून मी काहीच बोललो नाही. सावकाराला हळूच उशीवर ठेवलं आणि न्यायाधीशासाठी पाणी तापायला ठेवलं.